देवघरातला टकल्या राक्षस

वाशी गावात विहिरीवरची मोटार जळली की माणूस शिवकुमारकडं जातो. घरापुढच्या खोलीत त्याचं दुकान. तांब्याच्या तारेचं वायंडिंग झकास भरतो, पण भरताना तोंड गप ठेवील तर शपथ! गिऱ्हाईक कुणीबी असो, लहानपणी वाचलेल्या ‘टकल्या राक्षसाचं लगीन’ या पुस्तकाची गोष्ट त्याला ऐकावीच लागते. राक्षसाच्या टकलावरनं फेटा कसा घसरतो, वरात विहिरीत कशी पडते, समदं साग्रसंगीत. शेवटी समोरच्या पंक्चरच्या दुकानाकडं बोट. “चौथीत असताना ते पुस्तक त्या चोरानं ढापलं!”

चोर म्हणजे पाशामियाँ, त्याचा बालमित्र. पाशा कधी चिडायचा नाही. टायरातला खिळा उपसत म्हणायचा, “हौ रे बाबा, म्याच चोर.” शिवकुमारनं तर भर बाजारात सांगून ठेवलं होतं, पुस्तक दुसऱ्या कुठं सापडलं तर पाशाच्या दारात कान धरून उठाबशा काढीन. पन्नाशी उलटली, पण हट्ट अजून पोराचाच.

परवा त्याची आई द्वारकाबाई सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेली, आणि इकडं उंदरानं देवघरात पोथीचं लाल फडकं कुरतडलं. पोथी आईच्या माहेरची. ती सोडायची नाही, वाचायची नाही, नुसती पुजायची, असा घरचा रिवाज. शिवकुमारच्या वडिलांनी, तात्यांनीसुद्धा जन्मात तिची गाठ सोडली नव्हती. पण उंदराला रिवाज कोण सांगणार? शिवकुमारनं देवापुढं नाक घासलं आणि गाठ सोडली. वर पोथी होती. आणि तिच्याखाली, हळदीनं पिवळा झालेला, हातात फेटा धरून दात विचकणारा टकल्या राक्षस!

शिवकुमारनं ते हरवलेलं पुस्तक छातीशी धरलं. आनंदानं डोळ्यात पाणी आलं आणि पाठोपाठ घाम फुटला. अरे देवा! आई इतकी वर्षं राक्षसाला फुलं वाहतेय? आणि आपण दहावीला दर खेपेला इथंच डोकं टेकवून गेलो! तरीच दर खेपेला गणित उडालं! हे आईला कळलं तर म्हातारी हाय खाईल. आणि नाही सांगितलं तर पाशा जन्मभर चोर राहील.

तेवढ्यात दारात आई आली. त्यानं पुस्तक सदऱ्यात कोंबलं, फडक्याला गाठ मारली आणि पाया पडायला वाकला. कागद कर्रकन वाजला.

“पोटात काय वाजतंय रं?”

“ग्यास झालाय, आई.”

“व्हय? मंग ओवा खा. आन् त्या ग्यासला हळूच भाईर काढ. पानं लई जुनी हायती.”

शिवकुमारनं पुस्तक बाहेर काढलं. “तुला म्हाईत व्हतं?”

“वाचता येत न्हाय मला, पर राक्षस वळखू येतो की! गणितात भोपळा आणलास, तवा तुजा बाप ते चुलीत घालणार व्हता. पाशानं पळवून माज्याकडं आणलं. म्हणला, मावशी, ह्येला वाचवा. पोथीला तुजा बाप हात लावत नव्हता, म्हणून तितं ठिवलं.”

“मग हळद-कुंकू कशाला?”

“शेवटी पुस्तकच हाय ते. म्हणलं, तुला अक्कल दील. अजून वाट बघतेय.”

“अगं, पण तात्या गेल्यावर तरी सांगायचंस!”

“तू चोर म्हणलास की मला वाईट वाटायचं, मंग म्या पाशाला तव्यावरची गरम धपाटी धाडायची. त्योच म्हणला, मावशी, सांगू नका, चाललंय ते ब्येस हाय.”

शिवकुमार तडक रस्ता ओलांडून गेला आणि पाशाच्या दारात कान धरून उठाबशा काढू लागला. बघे जमले. पाशा हातातला पंप टाकून धावला. “मावशीनं सांगितलं व्हय? घात झाला रे! आता माजी धपाटी बंद!”

शिवकुमारला हसावं का रडावं कळेना. पाशाच्या ग्रीसच्या हातांसकट त्यानं त्याला मिठी मारली. मग दोघं टायरावर बसले, आणि इतक्या वर्षांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. वरात विहिरीत पडली तेव्हा पाशा हसून हसून टायरावरनं घसरला.

संध्याकाळी शिवकुमारनं पुस्तक नव्या फडक्यात, पोथीखाली, होतं तिथंच ठेवलं. हात जोडले. मग ओसरीवर येऊन, स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेतानं तो रस्त्यापलीकडं ओरडला, “ए पाशा! चोरा!”

आत आईनं चुलीवर तवा ठेवला.