खुर्चीसमोर विझणारा दिवा

मंगरूळपीरला स्टँडच्या मागे माझं मोटर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा हात चालतो, पण तोंड त्याच्याही पुढं धावतं. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा तेच सांगू लागलं की डोकं सटकलंच. आमच्या गल्लीतल्या काकू चौथ्यांदा आल्या तेव्हा मात्र मी गप्प बसलो. पदराखाली वीतभर लांबीचं खेळण्यातलं रेल्वे इंजिन होतं आणि डोळे सुजलेले.

इंजिन काकांचं. रिटायर झाल्यावर त्यांनी बैठकीतल्या टेबलावर गोल रूळ मांडले होते, नि खुर्ची ओढून दुपारभर गाडी फिरवत. मागच्या दसऱ्याला ते गेले. त्यानंतर काकूंनी गाडी लावली, तर पुढचा दिवा दर फेरीला एकाच जागी विझू लागला, बरोब्बर काकांच्या खुर्चीसमोर.

"काकू, तीनदा खोललं. दोन वायरी लावल्या की दिवा लख्ख पेटतो. इंजिनात काईच नाही."

"इंजिनात नाही, तं मंग त्याईच्या मनात असन," काकू म्हणाल्या, आणि स्टुलावर बसून पहिल्यांदाच सगळं बोलल्या. दसऱ्याची पूजा आटोपून काका गाडी लावायला बसले होते. सोनं द्यायला लोक यायची वेळ. "हा पोरखेळ बंद करा म्हटलं, अन् पिनच उपटली मी. ते एक शब्द बोलले नाही, बापू. झोपले ते उठलेच नाही. माह्यावर राग धरूनच गेले का, एवढंच मले सांग."

हॅट्, असं कुठं असतं! मी मीटर उचलला आणि त्यांच्या घरी गेलो.

सप्लायच्या डब्यातून बारा व्होल्ट नीट येत होते. चाकं पुसली, गाडी सोडली. खुर्चीसमोर येताच दिवा गेला, इंजिन जरासं अडखळलं, पुढं जाऊन दिवा पुन्हा लागला. खुर्चीवरची उशी अजून दबलेली होती. खोटं कशाला बोलू, भर दुपारी अंगावर काटा आला. मी त्या रिकाम्या खुर्चीवर खेकसलो, "काका, काय लावलंय हे!" काकू दाराशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

मग मीटरच्या सुया रुळांवर टेकवत पुढं सरकत गेलो. बारा, बारा, बारा. खुर्चीसमोर काहीच नाही. वाकून पाहिलं तर रुळाच्या माथ्यावर वाळलेला लालसर थर, चांगला चार बोटं लांब. हळद-कुंकू! दसऱ्याला आम्ही पान्यापासून वायंडिंग मशीनपर्यंत सगळ्याला कुंकू लावतो, पण रुळाच्या माथ्यावर कोण लावतं? करंट तिथूनच तर चाकात चढतो. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि खसाखसा घासून रूळ चकचकीत केला.

गाडी सोडली. दिवा खुर्चीसमोरून न विझता गेला. "पाह्यलं? राग ना बिग. कुंकू लागलं होतं!"

"कुंकू?" काकू जवळ आल्या. "ते तं त्यायनंच लावलं. दरसाली ओल्या कुंकवाचं बोट ओढत रुळावर, अन् पूजा झाली का गाडी लावाच्या आंधी सोताच पुसत." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. "म्हणजे राग नव्हता?"

"नव्हता, काकू."

त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या लाल कापसावर गेली. तो त्यांनी माझ्या मुठीतून काढून घेतला, उलगडून पाहिला, आणि रुळावरच्या त्या स्वच्छ जागेवरून बोट फिरवलं.

"पुसाच्या आंधी मले इचाराचं तरी, बापू. त्याईचं शेवटचं बोट होतं ना ते."