दारातून विचारणारा मेहुणा

खोलीवरच्या मंडळींनो, आत्ताच हात धुऊन लिहितोय. हे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

आज गरी घेऊन खाडीकाठच्या खाजणातल्या पाटावर निघालो, तर देवरूखहून आलेला मेहुणा दारातून ओरडला, "भावोजी, कुठं चाललाव?"

मासे गरवायला निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारतात? झाला ना अपशकुन! डोंगरातल्या माणसाला काय सांगायचं!

बायको हसू दाबत म्हणाली, "आता बसा ओटीवर. पाणी पिऊन मग निघा."

रिवाज तो रिवाज. बसलो. वर रागाने दोन विड्या ओढल्या, आणि त्यात भरती हुकली.

पाटावर पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली. भरतीला बसलेले सगळे रिकाम्या हातांनी परत निघालेले. तेवढ्यात कोणीतरी बांधाच्या उघाडीची, म्हणजे पाणी सोडायच्या दाराची, फळी वर ओढली. पाणी खाडीकडे धावलं, पाण्याबरोबर कोलंबी धावली आणि कोलंबीमागे हा दीड हाताचा जिताडा! थेट माझ्या गरीला. ओढता ओढता मीच पाटात पडलो, पण दोरी सोडली नाही.

मेहुणा उद्या परत जाणार होता. त्याला ठेवून घेतलंय. सकाळी दारात उभं राहून पुन्हा तसंच ओरडायचं, अशी ताकीद दिली आहे.

तुमच्याकडे आहे का कोणाचा असा मेहुणा?