बिनमिठाची अंबाडी

अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास आला की जठारपेठेतलं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवतं. दूध-तूप मी आधीच सोडलं होतं, मग डॉक्टरांनी मीठही बंद करायला सांगितलं. महिन्याभरात जीभ सरावली. भाज्यांना स्वतःची चव असते, असं मी भेटेल त्याला सांगायचो. रक्तदाब मात्र उतरेना, गोळी दुप्पट झाली. बायको मूर्तिजापूरला माहेरी गेली तेव्हा अंबाडी मीच शिजवली, आणि पहिला घासच गिळवेना. तिला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "पयल्याच दिवशी तुमी अर्ध्या जेवणातून उठले. मले पाहवलं नाई. तवापासून मीठ टाकूनच राहिली." आता भाजी मीच करतो. ती मला दिसेल असं आपल्याच ताटात वरून मीठ घेते, तरी माझी नजर तिच्या हातावरून हलत नाही.