गुरुजींच्या नावापुढे मी लिहिलेला शेरा

याकोब गुरुजींचं नाव आधी घेतो, कारण मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे. आणि पुढे जे सांगतोय ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

माझे आईवडील दुसऱ्याच्या रानात कांदा लावायचे. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. गुरुजींनी मला वसतिगृहात घातलं, कॉलेजचा फॉर्म स्वतः भरला, बी.ए. झालो तेव्हा पेढेही त्यांनीच वाटले. पिंपळवंडीत आमची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी चर्चमधली भक्ती संपली की ते आम्हा पोरांना बसवून सांगायचे — सरकारचं काम असलं तरी देव समोर बसलाय असं समजून करा. आणि माणसावर माया करायची तर आज करा, उद्याचा भरवसा नाही.

मी शिक्षक झालो. शिक्षक झालं की मतदारयादीचं काम आलंच. घरोघर जायचं, माणूस राहतो का बघायचं, नसेल तर शेजारच्या दोघांच्या सह्या घेऊन पंचनामा करायचा. त्या वर्षी मी फार थकलो होतो — नाही, हे खरं कारण नव्हे. मी भक्तीला जाणं बंद केलं होतं. गुरुजींच्या दारात गेलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, का रे येत नाहीस? एवढ्या एका प्रश्नाला मी घाबरलो. ज्या माणसाने मला वाढवलं त्याची गल्ली मी टाळली.

चहाच्या टपरीवर बसून मी पंचनामे लिहिले. गुरुजींचं घर बंद होतं, ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेले होते. बंद घरी पुन्हा जावं लागतं, आणि तेव्हा ते दारात भेटलेच असते. मी लिहिलं — कायमचे स्थलांतरित. टपरीवरच्या दोघांनी न वाचता सही केली. का वाचतील? गुरुजींच्याच हाताखालचा पोरगा लिहितोय, तो काय खोटं लिहील?

मतदानाच्या दिवशी मी शाळेबाहेर यादी घेऊन बसलो होतो. गुरुजी काळा चष्मा लावून, इस्त्रीचा सदरा घालून आले आणि माझ्याच टेबलापुढे उभे राहिले. त्यांचं नाव यादीत नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी पानं उलटत राहिलो, नावांवरून बोट फिरवत राहिलो. किती वेळ? मला आजही तो वेळ मोजता येत नाही. मग म्हणालो, "वरून काहीतरी चूक झालेली दिसते, गुरुजी."

रांगेतला एक जण म्हणाला, "गुरुजी, तुमी कागदावर पुण्याला गेलात की वो. लेकीनं दत्तक घेतलं जणू."

दुसरा तापला. "न्हाई न्हाई, साहेबाला बोलवा. अर्ज लिवा. आसं कसं नाव जातंय?"

गुरुजींनीच त्याला थांबवलं. "राहू दे रं बाबा. सरकारी यादीत नाय म्हंजी नाय. हे पोरगं सकाळपासनं उन्हात बसलंय, त्याला कशाला तरास?"

ते घरी गेले. त्यांनी आयुष्यात एकही मतदान चुकवलं नव्हतं. अधिकाऱ्याचा मान राखायचा, ही त्यांची शिकवण. त्या शिकवणीच्या आडोशाला माझं खोटं सुखरूप राहिलं. पुढच्या रविवारी त्यांनी निवडणुकीच्या कामात राबणाऱ्यांसाठी प्रार्थना केली आणि माझं नाव घेतलं, असं आईनं कौतुकानं सांगितलं.

नंतर मी फॉर्म भरून त्यांचं नाव पुन्हा घालून दिलं. तर ते गावभर सांगत सुटले, "लई धावपळ केली पोरानं माझ्यासाठी." मी ते ऐकून घेतलं. त्याला आता सहा वर्षं झाली. दरवर्षी वाटायचं, या नाताळला सांगू. मग पुढच्या. मनात एवढं ओझं घेऊन वर्गात उभं राहायचं — सवय होते, पण माणूस आतून दमून जातो.

आता गुरुजींना जवळजवळ दिसत नाही, म्हणून मुलगा-सून त्यांच्याकडे राहायला आलेत. पत्र पाठवलं तर ते त्यांची सून मोठ्यानं वाचणार, घरच्या सगळ्यांसमोर. म्हणून फोन करावासा वाटला होता. केला नाही. गेल्या सोमवारी नारायणगावच्या पोस्टात हे पत्र टाकलं.

*प्रिय गुरुजी,*

*जय ख्रिस्त.*

*मतदारयादीतून तुमचं नाव वरून गेलं नव्हतं. मी काढलं. तुमच्या घरी न येता, टपरीवर बसून. पंचनाम्यावर सह्या करणाऱ्यांचा दोष नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तुम्ही माझ्यासमोर उभे होतात तेव्हाही मी खोटं बोललो, आणि तुम्ही माझे आभार मानलेत तेव्हाही.*

*पुण्याला जाण्याआधी तुम्ही मला फोन केला होता. म्हणाला होतात, महिन्याभरात येतो, तोवर घराकडे लक्ष ठेव. तुम्ही परत येणार हे मला माहीत होतं. माहीत असूनच मी तसं लिहिलं.*

*तुमचा,*
*शमुवेल*