बियानोको सुंगटा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींच्या वाटेला जाणारी नाही. मावशीने माझ्यावरून लिंबू उतरवलं, तर ते रस्त्यावर टाकण्याऐवजी त्याचं सरबत करून पिणारी बाई आहे मी. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचते, पण वाचताना मनात 'याला झोप पुरत नसणार' असंच म्हणत असते. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलेय याची जरा लाजच वाटतेय... पण पाच महिने झाले, डोक्यातून जात नाही.

आम्ही डिलाईल रोडला राहतो. जुनी चाळ, तिसरा मजला, मी आणि आई. लोअर परळच्या एका कॉल सेंटरने मला स्पॅनिश शिकवलं. नोकरी गेली, भाषा राहिली. आता घरी बसून रेकॉर्डिंग ऐकायचं, शब्दन् शब्द उतरवायचा आणि इंग्रजीत भाषांतर करायचं, यावर घर चालतं. तेव्हा एका परदेशी संग्रहालयाचं काम हातात होतं – क्युबातून समुद्रामार्गे पळालेल्या लोकांच्या मुलाखती. ट्रकच्या ट्यूब एकमेकींना बांधून, वर घराचे दरवाजे ठोकून, पाण्याच्या पंपाची मोटर लावून ही माणसं फ्लोरिडाकडे निघतात. पहिल्या दोन मुलाखतींना मी रडले. नंतर सवय झाली, खोटं कशाला बोला.

आता दादाबद्दल. माझा मोठा भाऊ जहाजावर ऑइलर होता, म्हणजे इंजिनरूममध्ये काम. सहा वर्षांपूर्वी ओमानच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, एका सकाळच्या हजेरीत तो सापडला नाही. जहाज धुंडाळलं, समुद्र धुंडाळला, मग कंपनीचं पत्र आलं – बेपत्ता. नातेवाईक आईच्या मागे लागले की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दे. देह मिळाला नाही की तसं करतात. आई प्रत्येकाला आपल्या मालवणीत एकच सांगायची, "माझो झील खंयतरी जेवता आसा. मी तेका जाळूचंय नाय." माझा मुलगा कुठेतरी जेवतोय, त्याला जाळणार नाही – पाच वर्षं हेच. आणि मग एका सकाळी चहा गाळताना स्वतःच म्हणाली, "करूया." रविवार ठरला. गुरुजी ठरले.

हे घडलं त्याच्या आधीच्या बुधवारी. दुपारी सव्वातीनची वेळ, लख्ख ऊन. आई मोरीत भांडी घासत होती, मी कॉटवर लॅपटॉप घेऊन, कानात ब्लूटूथ.

मुलाखत एका साठीच्या बाईची होती. खरं नाव देत नाही, मिर्ता म्हणू. मुलगी, जावई, सहा वर्षांची नात आणि शेजारपाजारचे मिळून अकरा जण तराफ्यावर. दुसऱ्या दिवशी मोटर बंद पडली. तिसऱ्या दिवशी पिण्याचं पाणी संपलं, उरली साखरपाण्याची एक बाटली. मिर्ता ते बूच-बूच करून वाटायची. नात ट्यूबच्या खाचेत अंग मुडपून पडलेली, रडायचीही थांबलेली. आणि मग, मिर्ता म्हणाली, पाण्यात एक माणूस दिसला. काळासावळा, हसरा. त्याने तराफ्याचा दोर धरला आणि ओढायला लागला.

संग्रहालयाने सोबत नावांची यादी दिलेली असते, स्पेलिंग चुकू नये म्हणून. त्यात हा माणूस होता. नाव बियानोको, आडनाव सुंगटा, देश अज्ञात. मिर्ताने विचारलं होतं तू कोण, आणि तो सारखं एवढंच म्हणायचा, म्हणून सगळ्यांनी ते नावच समजून घेतलं. मीही. मुकाट्याने तीनदा टाईप केलं. तिकडे लोक काय वाट्टेल ती नावं ठेवतात, मला काही वेगळं वाटलं नाही.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला ब्लूटूथची बॅटरी संपली आणि आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर आला. मिर्ता सांगत होती की तो हे नाव तिच्या नातीकडे बघून कसं म्हणायचा. आणि तिने नक्कल केली. त्याच चालीत, लाडात, शेवटचा शब्द लांबवत...

मोरीतून आईचा आवाज आला, "कोण बोल्लो?"

मी टाईप करायची थांबले. कारण आईच्या कानांनी ऐकलं तेच आता मलाही ऐकू आलं होतं.

भिया नको, सुंगटा.

घाबरू नकोस गं, कोळंबे. लहानपणी मी अंगाचं मुटकुळं करून झोपायचे, म्हणून दादा मला सुंगट म्हणायचा. चाळीत बाकी कुणी नाही, फक्त तो. विजा चमकल्या, ताप आला, दहावीचा निकाल होता... त्याचं हेच एक वाक्य.

आई ओल्या हातांनी दारात उभी. मी घाईघाईने रेकॉर्डिंग बंद केलं. "काय नाय गं, कामाचं आहे," म्हटलं. माझ्या डोक्यात एकच – हिला कळलं तर ही रविवार रद्द करणार, परत वाट बघायला लागणार, ह्या वेळी मरेपर्यंत. आणि दुसरीकडे... तो खरंच जिवंत असला तर? मग रविवारी मी कुणाला जाळणार होते?

"परत लाव," आई म्हणाली.

"आई, ती क्युबातली बाई आहे. तुला कळणार नाही."

"तू सांग. लाव."

लावलं. ती माझ्या शेजारी बसली, साडीला हात पुसत. मिर्ता एक वाक्य बोलायची, मी थांबवायचे, आईला सांगायचे.

"त्याला वर ये म्हटलं, तर तो हसला. छातीच्या वर पाण्याबाहेर आलाच नाही."

"फुडे."

"तीन दिवस दोर धरून होता."

"खाल्ल्यान काय?"

"कळत नाही. थांब... मिर्ता म्हणते, शेवटचं साखरपाणी तिने त्याच्यापुढे धरलं."

आईने माझं मनगट पकडलं. "घेतल्यान?"

मी पुढचं वाक्य ऐकलं. परत मागे नेऊन ऐकलं, चुकून काही वेगळं असेल तर म्हणून. "नाही घेतलं. पोरीला दे, अशी खूण केली."

आईने माझं मनगट सोडलं. पुढे मिर्ता सांगत होती की एक मच्छीमार बोट आली, सगळ्यांना वर घेतलं, आणि दोराकडे बघितलं तर तिथे कुणीच नाही. बोटीवरचे लोक म्हणाले, आम्हाला लांबूनही कुणी दिसला नव्हता. मी तेही सांगितलं, पण आई ऐकत होती असं वाटलं नाही.

"जितो माणूस," ती अखेर म्हणाली, "तीन दिस मिठाच्या पाण्यात ऱ्हवलो, तर गोडा पाणी नको म्हणतलो काय?"

मग ती रडली. सहा वर्षांत पहिल्यांदा, कंपनीच्या पत्रालाही रडली नव्हती तशी. मीही रडले. भांडी तशीच राहिली.

आता तुमचे प्रश्न मला माहीत आहेत, कारण ते मी स्वतःला विचारून झालेत. मिर्ता निघाली ते दादा बेपत्ता झाल्यानंतर दोन वर्षांनी. ओमान कुठे, क्युबा कुठे, मध्ये अख्खा आफ्रिका खंड. दुसरा कुणी मालवणी खलाशी असेल? असेल. पण तो सुंगट म्हणेल? तीन दिवस पाण्यात राहील आणि बोटीवाल्यांना दिसणार नाही? तहानेने सगळ्यांना भास झाला म्हणावं, तर अकरा क्युबन माणसांना मालवणीत भास होतो का? मी संग्रहालयाला कळवलं की हे नाव नाही, आमच्याकडच्या बोलीतलं वाक्य आहे. त्यांनी आभार मानून विचारलं, हे तिथे कसं आलं असावं, तुमचा काही अंदाज? त्या मेलला मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहू?

रविवारी दादरच्या स्मशानात अग्नी मीच दिला. गुरुजी कुरकुरले, आईने एका नजरेत गप्प केलं. काम आटोपल्यावर आम्ही दोघी चौपाटीच्या कट्ट्यावर बसलो. ओहोटी होती. आई समुद्राकडे तोंड करून बसली. एरवी ती समुद्राकडे पाठ करून बसते.

"ती सगळी पोचली मां?" तिने विचारलं.

"कोण?"

"ती तराफ्यावरची."

"हो. अकराच्या अकरा."

"आणि ता चेडू?"

"नात ना? शाळेत जाते म्हणाली मिर्ता. आता पोहायला पण शिकलीय."

आईने मान हलवली. पदराने तोंड पुसलं.

"मगे माझ्या झिलान काम पुरा केल्यान," ती म्हणाली, आणि उठण्यासाठी माझ्यापुढे हात केला.