मालनबाईचा चोरखिसा

पालमच्या बौद्धवाड्यात मालनबाईचं घर शोधावं लागत नसे. ‘चोरखिसेवाली कुठं राहते?’ एवढं विचारलं की कुणीही बोट दाखवी. नवखा माणूस ते नाव ऐकून आधी स्वतःचा खिसा चाचपून बघे. वास्तविक आसपासच्या वीस-पंचवीस खेड्यांतल्या बायांचे पैसे या बाईमुळेच शाबूत होते. झंपराच्या आतल्या अंगाला, काखेच्या चार बोटं खाली, ती असा खिसा शिवायची की तो घरच्या माणसालासुद्धा दिसू नये.

खिसा शिवला, मजुरी दिली आणि निघाले, असं मात्र तिच्याकडं चालत नसे. गिऱ्हाइकाला समोर बसवून ती परीक्षा घेई. भिंतीकडं तोंड करून पैसे काढायचे, लागतील तेवढेच काढायचे, बाकीचे आत राहिले पाहिजेत. एखादीनं सगळी पुरचुंडीच बाहेर ओढली की मालनबाईचं डोकं फिरे.

"समदे एकदम काढायचे तर खिसा कशाला पायजे? डोक्यावर घेऊन फिर की," असं म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून करायला लावी.

बाया हसत, कंटाळत, पण ऐकत. ही विद्या मालनबाई कुठं शिकली ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं.

तिचा नवरा सिताराम शिवणकाम करायचा. दोघं तेव्हा जवळच्याच एका खेड्यात राहत. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतरावरून उसळलेल्या दंगलीत त्यांच्या वस्तीवर जाळपोळ झाली. माणसं ज्वारीच्या रानात लपली म्हणून वाचली. घर गेलं आणि घराबरोबर मशीन गेली. राखेत तिचं चाक तेवढं ओळखू येत होतं. दोघं पालमला आली. सिताराम दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करू लागला आणि दोन वर्षांत काविळीनं वारला. मालनबाई तेव्हा तिशीची, पदरी मूल नाही. नवऱ्याच्या हाताखाली शिकलेलं काम बोटांत होतं, पण मशीनीवाचून ते काय कामाचं? दिवसा ती लोकांच्या रानात खुरपायला जाई आणि उरल्या वेळात सुईनं वाकळा शिवी. आपल्या घरात पुन्हा मशीन चालली पाहिजे, एवढं एकच तिच्या मनानं घेतलं होतं.

आणखी एक गोष्ट तिला सलत असे. बाजारात कापडाला हात लावला की दुकानदार आधी विचारी, "पैसे आणलेस का?" शेजारी उभ्या असलेल्या पाटलाच्या सुनेला तो हे विचारत नसे. घरी येईपर्यंत मालनबाईच्या कानात तेच घुमत राही. एक दिवस असे पैसे दाखवीन की समोरच्याची बोलती बंद होईल, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. माणसाचा तोटा पुष्कळदा अशाच ठिकाणी दबा धरून बसलेला असतो.

ब्याऐंशी साली तिनं दोन शेळ्या विकल्या, हातातले चांदीचे गोठ मोडले आणि पाचशे रुपये उभे केले. त्याच सुमाराला एका वर्तमानपत्रात जाहिरात आली होती. मालनबाई चौथीपर्यंत शिकलेली, तिनं ती स्वतःच वाचली. जुनी शिलाई मशीन विकणे आहे, सोमवारी सकाळी गंगाखेडच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलात बन्सीधर यांना भेटावे. घराचा पत्ता नव्हता. ते काही तिच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात यायला आधी एकदा फसावं लागतं.

बन्सीधर म्हणवणारा माणूस इस्त्रीच्या कपड्यातला आणि जिभेवर साखर असलेला होता. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, कपबशीतून चहा पाजला. आपल्या गावच्या हॉटेलात तिनं कपबशी कधी हातात धरली नव्हती. मशीन बहिणीच्या घरी आहे, पलीकडच्याच गल्लीत, असं तो म्हणाला आणि मग हळूच विचारलं,

"अक्का, राग मानू नका. पैसे आणलेत ना? न्हाई, उगं फेरा नको म्हणून इचारलं."

झालं. मालनबाईनं कनवटीची पिशवी सोडली आणि पाचशेच्या पाचशे टेबलावर ठेवले.

"घ्या मोजून," ती म्हणाली, आणि हॉटेलातल्या लोकांनी बघावं म्हणून जरा मोठ्यानं म्हणाली.

त्यानं मोजले, मान डोलावली, आपल्या रुमालात बांधून पक्की गाठ मारली आणि गाठोडं तिच्याच हातात दिलं. "ठेवा तुमच्यापाशीच. मशीन बघितल्याबिगर मला एक पैसा नको." यावर कोण शंका घेणार? पैसे परत देणारा माणूस चोर असतो, असं आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. तो तिला एका गल्लीत घेऊन गेला, बहिणीला सांगून येतो म्हणाला आणि एका दारातून आत शिरला. त्या घराला मागं दुसरं दार होतं. मालनबाई ऊन डोक्यावर येईपर्यंत उभी राहिली. मग तिनं गाठ सोडली. रुमालात नोटांच्या मापानं कापलेले पंचांगाचे कागद निघाले.

ती बसस्थानकावर परत कशी आली ते तिला आठवत नसे. परतीच्या तिकिटाचे पैसे तिनं झंपराच्या दंडात दुमडून ठेवले होते. तेवढे शाबूत होते, कारण ते त्या माणसानं बघितलेच नव्हते. सगळ्या वाटेत ती दंडावर हात ठेवून त्याचाच विचार करत बसली होती.

फसलेला माणूस लाजेनं गप्प बसतो, म्हणून फसवणाऱ्याचा धंदा चालतो. मालनबाई गप्प बसली नाही. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं वाड्यातल्या सगळ्या बायांना बोलावून पंचांगाचे कागद दाखवले. पुढचे तीन सोमवार मजुरी बुडवून ती गंगाखेडला गेली आणि त्या हॉटेलसमोर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. बन्सीधर पुन्हा दिसला नाही. हॉटेलवाला मात्र हात जोडून म्हणाला, "बाई, आता बस करा. माझं गिऱ्हाईक भ्यायलंय." तेव्हा कुठं ती थांबली.

त्यानंतर तिनं पहिला चोरखिसा शिवला, स्वतःच्या झंपराला, हातसुईनं. शेजारणीनं बघितला, तिला हवा झाला. तिच्या बहिणीला हवा झाला. असं करता करता शेळी घ्यायला निघालेली, दवाखान्याला निघालेली, माहेरच्या लग्नाला निघालेली, प्रत्येक बाई आधी मालनबाईकडं येऊ लागली. मजुरी आठ आणे. चार वर्षांत त्या आठ-आठ आण्यांतून आणि वाकळांतून पुन्हा मशीनीपुरते पैसे जमले.

या खेपेला जाहिरात नव्हती. दीड कोसावरच्या गावात व्यंकटरावांच्या घरी लेकीच्या लग्नानंतर मशीन नुसती धूळ खात होती आणि त्यांच्या बायकोला, कमलबाईंना, ती काढून टाकायची होती. व्यंकटराव मोठे जमीनदार. मालनबाई भर सकाळी गेली. मशीन आधीच ओसरीवर काढून ठेवलेली होती. कमलबाई वर पाटावर बसल्या होत्या. त्यांनी मालनबाईला खालून वर न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न केला,

"पैसे आणलेस का?"

मालनबाईचा हात आपसूक काखेकडं गेला. तिथंच तिनं तो थांबवला. तो हात थांबवायला तिला किती जड गेलं, हे तिनं पुढं शंभर वेळा सांगितलं असेल.

"पैसे हायत," ती म्हणाली. "मशीन बघते आधी."

पिशवीतून तिनं स्वतः आणलेलं कापड काढलं. आधी मांजरपाटाच्या चार घड्या, मग विरलेल्या लुगड्याचा पातळ तुकडा. दोन्हीवर टीप मारून बघितली, उलटी करून बघितली. चाक कानाजवळ फिरवून ऐकलं. दुकानाची पावती मागितली आणि तिच्यावरचा नंबर मशीनीवरच्या नंबराशी ताडून बघितला. कमलबाईंचा पारा चढू लागला.

"आमच्या घरातली वस्तू हाय ती. एवढाबी इस्वास न्हाई?"

"इस्वास हाय म्हणून तर चालत आले, बाई. मशीन गाडीत चढली की पैसे देते."

कमलबाईंचा गडी गालात हसला आणि त्यानं मशीन बैलगाडीत चढवली. मालनबाई वर चढून बसली. एक हात मशीनीवर ठेवला, तोंड पलीकडं केलं, ठरलेले साडेचारशे काढले, न जास्त न कमी, आणि हात पुढं केला.

"पायरीवर ठेव," कमलबाई म्हणाल्या.

"न्हाई बाई. हातात देते. गड्यासमोर मोजून घ्या. उद्या तुमाला वाटाय नको की कमी भरले, अन् मला वाटाय नको की दिलेच न्हाई."

गडी बैलांकडं बघू लागला. कमलबाई पाटावरून उठल्या. मग ओसरीच्या तिन्ही पायऱ्या उतरून गाडीपाशी आल्या आणि त्यांनी तळहात पुढं केला. पैसे मोजले, पुन्हा मोजले. गाडी हलायच्या आत त्या जरा वाकून म्हणाल्या,

"ते तुझ्या झंपरात काय हाय? तसं एक मलाबी शिवून दे. घरात मालकाला कळू देऊ नको."

मालनबाईला हसू आवरेना. एवढ्या मोठ्या घरात या बाईलाही चार पैसे लपवायला जागा नव्हती. तो खिसा तिनं आठवड्यात शिवून पाठवला. मजुरी आठ आणेच घेतली, गरीब-श्रीमंत असा भाव तिच्याकडं नव्हता.

ती मशीन आठ वर्षं चालली. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. वाड्यात लोकांनी दिवे लावले आणि घरोघरी गोड झालं. मालनबाई सितारामच्या आठवणीनं दिवसभर मधूनमधून डोळे पुसत होती. त्याच उन्हाळ्यात तिनं नवी कोरी मशीन घेतली आणि जुनी विकायला काढली. कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि चहाच्या हॉटेलात लावलं. त्यात पूर्ण नाव होतं, घराचा पत्ता होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘आधी चालवून बघावी, पैशाचं मागून बोलू.’

दोन दिवसांनी दुपारी एक मुलगी दारात आली. गीता नाव, विशीतली, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहणारी. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधीच तिनं पदराची गाठ सोडली आणि सगळ्या नोटा दोन्ही हातांनी पुढं धरल्या.

"मावशी, पैसे हायत माझ्याकडं. बघा."

मालनबाई ओरडायला तोंड उघडणार होती. खिशाची परीक्षा घेताना ओरडे तशीच. पण तिनं आवाज खाली आणला.

"तुला कुणी इचारलं का पैशाचं?" तिनं विचारलं.

"न्हाई. पर समदे इचारतात. म्हणून मी आधीच दाखवत असते."

मालनबाई उठली. तिनं मुलीच्या हातातल्या नोटा तिच्याच मुठीत मिटवल्या आणि तिला मशीनीसमोर बसवलं. "ठेव ते. इथं कुणी इचारणार न्हाई. टीप मारून बघ. उलटी करून बघ. चाक ऐक."

गीतानं सगळं केलं. मशीन पसंत पडली, भाव ठरला, तशी ती पुन्हा पदराची गाठ चाचपू लागली. तिला खिसा नव्हता, आडोसा नव्हता, घर एवढंसं. तेव्हा मालनबाई स्वतःच भिंतीकडं तोंड करून बसली.

"मी बघत न्हाई," ती म्हणाली. "लागतील तेवढेच काढ. बाकीचे ठेव."

मागं नोटा मोजल्याचा आवाज येत होता. मालनबाईला रडू कोसळलं, आणि मुलीला ते दिसू नये म्हणून ती मोजणं संपल्यावरही बराच वेळ तशीच भिंतीकडं बघत बसून राहिली.