राउटरवरचा झेंडू

दसऱ्याला बायकोने राउटरचीही पूजा केली. हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. आज त्या सुकलेल्या फुलाखाली लाल दिवा लुकलुकतोय आणि माझं डोकं फिरलंय. दादाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, गाठीचा रिपोर्ट आज यायचाय. "काय आलं?" हा माझा मेसेज अडकून पडलाय.

कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आमच्याकडून सगळं ओके दाखवतंय. राउटर बंद करून चालू करा."

या खोक्याला घराबाहेरचा एकच पत्ता ठाऊक, कंपनीचा. आलेलं तिकडे ढकलायचं, पुढचं पुढचा बघेल. कंपनीही तेच करते. सरकारी कचेरीतली टेबलं याहून वेगळी ती काय! माझे दोन शब्द कुठल्या कुठल्या शहरांतून फिरून दादाकडे जाणार, आणि दादा राहतो समोरच्या बिल्डिंगमध्ये.

"अहो, मग फोन करा. नाहीतर सरळ जाऊन या की!" बायको वैतागली.

मी खिडकीशी गेलो. समोरच्या गॅलरीत दादा उभा होता. हातात फोन, नजर माझ्याकडे. रिपोर्ट चांगला असता तर तो तिथूनच ओरडला असता.

मी आत आलो आणि राउटर पुन्हा बंद करून चालू केला.